हजेरीपट आणि चिठ्ठ्या

पवनमावळातील ज्या माध्यमिक शाळेत मी १९८४ च्या जून महिन्यात भूगोल शिकविण्यासाठी रुजू झालो, तिच्या हजेरीपटाचे पान हेच माझ्या अध्यापनाविषयी मला मिळालेले पहिले लेखी मत होय, ही गोष्ट ध्यानात येण्यास मला दोन पावसाळे लागले. जूनच्या अखेरीपर्यंत भरगच्च दिसणारे ते पान, खाचरांत पाणी साचून चिखलणी सुरू झाली म्हणजे विरळ होऊ लागे. आणि आवणीच्या ऐन दिवसांत, जेव्हा इरली पांघरून वाकलेल्या पाठींची रांग रस्त्यावरून दिसे आणि त्या रांगेतून आपल्याच वर्गातील चारदोन चेहरे वर होऊन ‘सर!’ म्हणून हसत, तेव्हा निम्मे पान तांबड्या शाईने व्यापलेले असे. मुख्याध्यापकांचा हुकूम असा की, प्रत्येक गैरहजर मुलाच्या नावापुढे कारण नोंदवावे आणि पालकांस समज द्यावी. त्याप्रमाणे मी कारणाच्या रकान्यात ‘शेतीकाम’ हा शब्द इमानाने भरीत असे. दफ्तरी रकान्यांचा एक मोठा गुण असा की, ते भरले म्हणजे विचार केल्याचे समाधान आपोआप लाभते.

परंतु शाळेत हजेरी दोन वेळा घेतली जाते, एकदा परिपाठानंतर आणि पुन्हा मधल्या सुट्टीनंतर, आणि या दुसऱ्या हजेरीने माझी फजिती केली. भात लावून झाला, ऑगस्ट निम्मा सरला, सकाळची हजेरी पूर्ववत झाली, तरी दुपारची होईना. अधिक बारकाईने पाहता असे आढळले की, ही दुपारची गळती मंगळवारी आणि शुक्रवारी विशेष होते, व मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास माझा होता. आता याचा दोष भाताला देणे शक्य नव्हते.

कोसबाडची हकिकत त्या वेळी मला वाचून ठाऊक होती, आणि ती ठाऊक असूनही तिचा माझ्या तासाशी काही संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीस आल्या, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात रुजले. पाड्यावरची मुले शाळेकडे फिरकेनात, तेव्हा त्यांनी ‘अडाणी आईबाप, शिक्षणाची आच नाही’ असा शेरा मारून वही मिटली नाही. मुले येत नाहीत हे त्यांनी मुलांचे उत्तर मानले आणि शाळेने जागा बदलली. बालवाडी पाड्याच्या अंगणात गेली, तिचे नाव अंगणवाडी झाले; जी मुले दिवसभर गुरांमागे असत त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली, तिचे नाव कुरणशाळा. पुढे सरकारने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला, परंतु मुलाच्या गैरहजेरीस मत समजण्याची जी दृष्टी त्या शब्दाच्या मुळाशी होती, ती शब्दाबरोबर सर्वत्र पोचली असे मला म्हणवत नाही. दुसरी काही भाषा हाती नसलेले मूल न येण्याच्या भाषेत बोलते, आणि ती भाषा मावळात आजही चालते.

माझी मुले नववीची होती, लिहू शकत होती, तेव्हा मी त्यांना लिहून विचारावे असे ठरविले. वहीच्या पानाचे चार तुकडे करून प्रत्येकास एक दिला, खडूचा रिकामा खोका टेबलावर ठेवला आणि दोनच प्रश्न फळ्यावर लिहिले: आजच्या तासात काय समजले नाही, आणि पुढच्या तासाला मी काय वेगळे करावे. नाव लिहू नये, असेही सांगितले. बेचाळीसपैकी निम्म्याअधिक चिठ्ठ्यांवर ‘सर्व समजले’ एवढेच होते, आणि हे उत्तर जितके सुशील तितकेच निरुपयोगी असते हे त्याच दिवशी कळून चुकले. परंतु उरलेल्यांपैकी एकीवर लिहिले होते, ‘सर, तुम्ही फळ्याशी बोलता.’ दुसरीवर, ‘अक्षांश तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते.’ आणि चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, कमीअधिक अशुद्ध, पण अर्थाने अगदी एक असे हे वाक्य: मागे पावसामुळे ऐकू येत नाही.

या शेवटच्या वाक्यापुढे मी पुष्कळ वेळ बसलो. आमच्या वर्गावर पत्रा होता. मावळातील पाऊस ज्यांनी पत्र्याखाली बसून ऐकला आहे त्यांना अधिक सांगणे नको. लोणावळ्याच्या अंगाला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याचा मोठा वाटा जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांत. मी वर्षभर मान्सूनच्या अरबी समुद्रावरील शाखेचे वर्णन करीत होतो, आणि तीच शाखा माझे वर्णन मागच्या चार बाकांपर्यंत पोचू देत नव्हती. माझ्या पाठटाचणात अध्यापन-पद्धती, शैक्षणिक साहित्य, पूर्वज्ञान, सर्व रकाने होते. पत्र्याचा आवाज हा रकाना नव्हता. त्या आठवड्यापासून मी तीन गोष्टी केल्या. बाकांच्या रांगा दर सोमवारी मागेपुढे फिरू लागल्या. मी फळा सोडून वर्गाच्या मध्यभागी उभा राहू लागलो. आणि सर जोराची आली की बोलणे थांबवून नकाशाचे काम काढू लागलो, कारण नकाशा भरण्यास कान लागत नाहीत. गणवेश वाळेपर्यंत घरी थांबणारी मुले तरीही थांबत. पण शुक्रवारची गळती दिवाळीपूर्वी पुष्कळ कमी झाली.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती केल्याखेरीज या प्रयोगाचे मर्म मला कळले नसते. तिसऱ्या खेपेस एका चिठ्ठीवर माझ्या चालण्याविषयी एक टवाळ वाक्य निघाले. हस्ताक्षर मी ओळखले, आणि चिठ्ठीचे नाव न घेता त्या मुलाला नाईल नदीवर भर वर्गात असे काही प्रश्न विचारले की तो उभ्या उभ्या रडवेला झाला. मी काय केले हे मला ठाऊक होते, त्याला ठाऊक होते, आणि माझी अशी खुळी समजूत होती की इतर कोणास ठाऊक नाही. पुढच्या खेपेस बेचाळीस चिठ्ठ्या आल्या आणि बेचाळीसही चिठ्ठ्यांवर लिहिले होते: सर्व छान. इतका एकमुखी निषेध मी पुढे कोणत्याही सभेत पाहिला नाही. विश्वास परत येण्यास सहामाही परीक्षा उलटून जावी लागली, आणि तोही आला तो मी काही बोललो म्हणून नव्हे, तर वर्गानेच दोन मुली नेमून दिल्या म्हणून. त्या सर्व चिठ्ठ्या घरी नेऊन एका हाताने एका ताव कागदावर उतरून आणीत व मूळ चिठ्ठ्या चुलीत घालीत. ही व्यवस्था मला सुचली नव्हती, हे सांगताना आजही थोडा संकोच होतो.

आणखी एक गोष्ट त्या दोन मुलींनीच शिकविली. ताव माझ्या हाती देताना त्यातील थोरलीने विचारले की, मागच्या खेपेस लिहिलेल्याचे काय झाले. तेव्हापासून फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी तीन ओळी लिहू लागलो: काय बदलले, काय पुढच्या घटकापासून बदलेल, आणि काय बदलता येणार नाही व का. तिसरी ओळ लिहिण्यास सर्वांत कठीण आणि मुलांस वाचण्यास सर्वांत प्रिय असे. ‘घटक चाचणी पुढे ढकलता येणार नाही, कारण तारीख सर्व तुकड्यांना एक आहे’ एवढे साधे कारण त्यांना वर्षानुवर्षे कोणी दिलेले नव्हते.

निवडीचा प्रयोग मात्र पहिल्यांदा सपशेल फसला. स्वाध्याय म्हणून तीन कामे पुढे ठेवली: पुस्तकाखालचे प्रश्न सोडवावेत, आपल्या गावाचा नकाशा काढावा, किंवा घरातील वडीलधाऱ्यांस विचारून पूर्वीच्या पीकपाण्याची माहिती लिहावी, ज्याने त्याने आवडेल ते एक करावे. मला वाटले होते, नकाशांचा ढीग पडेल. तीसहून अधिक मुलांनी प्रश्न सोडविले, कारण त्या प्रश्नांची उत्तरे बाजारच्या मार्गदर्शकात छापलेली होती, आणि ज्याला आयुष्यात कधी कोणी काही निवडू दिले नाही त्याने पहिल्या संधीला सर्वांत सुरक्षित वाट धरावी यात नवल ते काय! मी रागावलो नाही. रागावण्याची हौस त्या आधीच्या प्रसंगात फिटली होती. दुसऱ्या खेपेस काम एकच ठेवले, नकाशाचे, आणि नकाशा कशाचा हे तेवढे मुलांवर सोपविले.

त्या खेपेच्या तावावर एक प्रश्न उतरून आला होता: धरणात गेलेल्या गावाला नकाशात काय म्हणतात? पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले; माझ्या वर्गातील मुले त्या सुमाराची जन्मलेली, तेव्हा ज्या शिवारांवर पाणी चढले ती त्यांनी पाहिलेली नव्हती, पण घरोघर त्या शिवारांची नावे रोजच्या बोलण्यात होती. पाठ्यपुस्तकात बहुद्देशीय प्रकल्पांचे फायदे क्रमवार दिलेले होते, आणि मी ते तसेच क्रमवार शिकवून मोकळा झालो होतो. त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मग वर्गाने ते काम घेतले. आज्या आणि आजोबा यांच्या सांगण्यावरून पाण्याखालच्या पायवाटा, विहिरी, देवळाची जागा, आंब्याची झाडे असा एक नकाशा चार कार्डशीट जोडून तयार झाला. त्यात प्रमाण नव्हते, उत्तर दिशाही दोनदा चुकली, पण समोच्च रेषा म्हणजे काय हे त्या मुलांना मी जन्मात तितके समजावून देऊ शकलो नसतो. कारण पाणी कुठवर चढले आणि कोणाचे घर कोणाच्या आधी गेले, हा प्रश्नच समोच्च रेषेचा होता.

मुख्याध्यापकांस हे सर्व फारसे रुचले नाही. ते सज्जन होते, कामाला वाघ होते, आणि त्यांचा आक्षेप त्यांनी मला चहा पाजून ऐकविला: रोग्याला विचारून औषध देतात काय? मी त्या वेळी गप्प बसलो. बऱ्याच वर्षांनी सुचलेले उत्तर असे की, औषध विचारून देत नाहीत हे खरे, पण कुठे दुखते हे विचारल्याशिवाय नाडीलाही कोणी हात घालीत नाही. चिठ्ठीचा उपयोग येथवरच आहे आणि येथवर तो मोठा आहे. काय शिकवावे याचा निवाडा मुलांवर टाकणे हा एक पळपुटेपणा होईल. परंतु शिकविलेले कुठे अडले, हे मुलांखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊकच नसते.

परंपरेचा दाखला देऊन या गोष्टीस विरोध करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून परंपरेकडेही थोडे पाहावे. तैत्तिरीय उपनिषदात शिष्याला निरोप देताना आचार्य त्याला आपल्या वर्तनातील जे चांगले तेवढेच घेण्यास आणि बाकीचे सोडून देण्यास सांगतो; गुरूनेच शिष्याच्या हाती दिलेला निवडीचा याहून मोठा अधिकार माझ्या वाचनात नाही. प्रश्नोपनिषदात तर ग्रंथाचा सारा आराखडाच सहा शिष्यांच्या सहा प्रश्नांचा आहे. मात्र पिप्पलाद ऋषी त्यांना आधी एक वर्ष आश्रमात राहावयास लावतो आणि मग मनास येईल ते विचारा म्हणतो, हा तपशील आम्ही शिक्षक मंडळी सोयीने आठवतो. दुसऱ्या टोकाला मध्ययुगीन इटलीतील बोलोन्याचे विद्यापीठ आहे. तेथे विद्यार्थ्यांचे संघच अध्यापक नेमीत, आणि तासाला उशिरा आलेल्या, वेळेवर न थांबलेल्या किंवा अवघड भाग टाळून पुढे गेलेल्या अध्यापकास दंड करीत. दंडाच्या वसुलीसाठी अध्यापकाकडून आगाऊ रक्कम ठेवून घेतली जाई. ही वार्ता मी एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात सांगितली, तेव्हा अवघड भाग टाळण्याच्या कलमापाशी खोलीत जी शांतता पसरली ती पाहण्याजोगी होती.

आमच्या मावळालाही या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे. कलकत्ता काँग्रेसने १९०६ साली स्वराज्य, स्वदेशी व बहिष्कार यांच्या पंक्तीस राष्ट्रीय शिक्षण बसविले, आणि त्याच लाटेत प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी काढलेले समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे नांदू लागले. त्याच तळेगावात पैसा फंडातून, म्हणजे लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून, १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी विजापूरकरांवर, त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात छापलेल्या वैदिक प्रार्थनांवरील लेखासाठी, खटला होऊन त्यांना कारावास झाला, आणि १९१० मध्ये विद्यालय सरकारी हुकुमाने बंद पडले. सरकारी शाळा नाकारून देशी भाषेतून आणि उद्योगासह शिकविणारी शाळा पसंत करणे ही समाजाने केलेली निवड होती, आणि तिची किंमत पुरेपूर मोजली गेली. ती निवड थोरांची होती, मुलांची नव्हे. त्या काळाकडून तेवढीच अपेक्षा न्याय्य आहे. याच राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात अमळनेरला काही वर्षे घालविलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, १९२४ मध्ये लोणावळ्यास आले आणि त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले. योगाविषयी ग्रंथ काय म्हणतात याबरोबरच प्रत्यक्ष शरीर काय म्हणते हे क्ष-किरणांनी आणि उपकरणांनी तपासावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्यासाठीच त्यांनी काढले. माझ्या चिठ्ठ्या म्हणजे क्ष-किरण नव्हेत. पण ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्याच्याकडूनच परिणाम विचारून घ्यावा, ही वृत्ती लोणावळ्याच्या हवेत शंभर वर्षे आहे.

आज ही वृत्ती कायद्याने मान्य आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, मुलाला भयमुक्त ठेवावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडण्यास त्याला साहाय्य करावे, असे शब्द आहेत. माझे मुख्याध्यापक हयात असते तर हे कलम मी त्यांना नक्कीच चहा पाजून दाखविले असते. महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर, बेंगळुरूच्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि सर्वत्र ‘नॅक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण समाविष्ट केले. त्याची वीस पर्यायी प्रश्नांची आणि एका मोकळ्या प्रश्नाची यादी मी मुद्दाम वाचली. पहिलाच प्रश्न असा की, अभ्यासक्रमाचा किती टक्के भाग वर्गात पुरा झाला. ज्या देशात ‘पोर्शन संपला का’ हीच शिक्षकांची परस्परांना कुशल विचारण्याची रीत आहे, तेथे हा प्रश्न प्रथम यावा हे स्वाभाविक आहे. परंतु पुरा झाला तो कोणापर्यंत पोचला, हे त्यातून निघत नाही. खरा प्रश्न अगदी शेवटी, एकविसावा: अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा. तेथवर येईपर्यंत विद्यार्थ्याचा अंगठा मोबाइलवर थकलेला असतो.

मावळातील एका महाविद्यालयात गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवस बसलो होतो. अभिप्रायपत्रके वर्षाअखेर भरली जातात, त्यांचे रंगीत आलेख निघतात, आलेखांखाली ‘केलेली कार्यवाही’ असा तक्ता असतो आणि तो सर्व दस्तऐवज उत्तम बांधणीत कपाटात राहतो. ज्यांनी तो भरला ती मुले तोवर पुढच्या वर्गात गेलेली असतात, म्हणजे आजाऱ्याची तक्रार त्याला घरी सोडल्यावर वाचावी तसा हा प्रकार. आणखी एक अडचण बोलण्याच्या ओघात, चहाच्या टपरीवर, कळली. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकास पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नसते, आणि अभिप्रायातील आकडा त्या निर्णयात मोजला जाईल ही धास्ती खरी असो वा खोटी, ती त्याला अवघड घटकाशी झुंजू देत नाही. तो गोड शिकवितो.

गोड शिकविण्याचा परिणाम काय होतो, याची एक विलक्षण परीक्षा परदेशात झालेली आहे. अमेरिकेच्या वायुसेना अकादमीत कोणत्या अध्यापकाच्या तुकडीत बसावे हे छात्रांना ठरविता येत नाही, आणि पुढचे गणित सर्वांस सक्तीचे असते. त्यामुळे स्कॉट कॅरेल व जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांना एकाच छात्राचा दोन वर्गांतील माग काढता आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की, ज्या अध्यापकांना छात्रांनी उच्च गुण दिले त्यांचे छात्र त्या वर्गाच्या परीक्षेत चमकले, पण पुढच्या गणितात मागे पडले. आणि ज्यांच्याविषयी कुरकुर होती त्यांच्या हाताखालचे पुढे टिकले. यावरून विद्यार्थ्यांस काही विचारूच नये असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. मी तो काढीत नाही. ‘शिक्षक आवडतो का’ या प्रश्नाचे उत्तर आवडीविषयीच मिळणार. ‘आज कुठे अडले’ या प्रश्नाचे उत्तर अडण्याविषयी मिळते, आणि मधल्या काळात मिळते, जेव्हा काही करता येते.

निवडीच्या बाबतीतही कागद आणि वर्ग यांत असेच अंतर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ पासून पदवीस निवडाधारित श्रेयांक पद्धती आणली, आणि २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषय, गौण विषय, खुले वैकल्पिक विषय अशी मांडणी आली. कल्पना उत्तम आहे. वाणिज्याच्या मुलाने संगीत किंवा खगोल शिकावे याहून सुंदर ते काय. परंतु ज्या ग्रामीण महाविद्यालयात मंजूर पदेच रिक्त आहेत, तेथे खुल्या विषयांची यादी उपलब्ध शिक्षकांच्या यादीहून मोठी होऊ शकत नाही, आणि मग लोकलची वेळ पाहून विषय घेतला जातो. पुणे-लोणावळा गाडीचे वेळापत्रक हा आमच्या भागातील सर्वांत प्रभावी अभ्यासमंडळ-सदस्य होय.

हे सर्व लिहून झाले असता, या पावसाळ्यात लोणावळ्यातील एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गात पाहिलेला तास आठवतो. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर जी गर्दी लोटते तिच्यावर येथील कित्येक घरे चालतात, आणि कणसाच्या गाड्यावर आईबापांच्या मदतीस राहिलेली मुले सोमवारी एक तर येत नाहीत किंवा पेंगत येतात. त्या बाईंनी हजेरीपटाचे सोमवार एके ठिकाणी मांडून पाहिले होते, मुलांना विचारले होते, आणि मुलांच्या सांगण्यावरून सोमवारचे नवे गणित मंगळवारवर नेऊन सोमवारी गाड्यावरच्या हिशेबाची उजळणी ठेवली होती. मी मागच्या बाकावर बसलो होतो. पत्रा नव्हता, स्लॅब होता, सारे स्वच्छ ऐकू येत होते. बाईंनी फळ्यावर लिहिले: एका कणसाची किंमत वीस रुपये, तर पस्तीस कणसांची किती? एक मुलगी, झोपेने डोळे तांबारलेली, हात वर न करताच म्हणाली, ‘बाई, एवढ्याला कुठं मिळतं? पाऊस असला की पन्नास.’ बाईंनी डस्टर घेतले, वीस पुसले, पन्नास लिहिले, आणि खाली दुसरी ओळ लिहून तिलाच विचारले, ‘आणि उघडीप पडली तर?’